बाराला चार बोटं कमी: शाळेच्या भिंतीवरच्या एका इशाऱ्याचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, कापूस-सोयाबीन-तुरीचं. नाव लिहीत नाही, आणि माणसांची ओळख पटू नये म्हणून दोन-चार बारकावे बदलले आहेत. शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते आठवी. मी तिथं विज्ञान शिकवतो. या प्रकरणात जे चुकलं त्यातलं बरंचसं माझ्या हातून चुकलं, म्हणून ते मीच लिहिलेलं बरं.

दर वर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने, आम्ही रस्त्याकडची भिंत रंगवतो. एका वर्षी सूर्यमाला काढली, एका वर्षी पचनसंस्था. २०२५ साली मला पाठ्यपुस्तकाबाहेरचं काही तरी हवं होतं. महिनाभर आधीच, २८ जानेवारीला, ‘बुलेटिन ऑफ द अ‍ॅटॉमिक सायंटिस्ट्स’ या नियतकालिकाने आपल्या ‘डूम्सडे क्लॉक’चा, म्हणजे जग सर्वनाशाच्या किती जवळ आलंय ते दाखवणाऱ्या प्रतीकात्मक घड्याळाचा, काटा मध्यरात्रीच्या ८९ सेकंद अलीकडे आणला होता. इतका जवळ तो त्याआधी कधीच आला नव्हता.

या घड्याळाची गोष्ट मला फार दिवसांपासून आवडते. अणुबॉम्बच्या प्रकल्पावर काम केलेल्या शास्त्रज्ञांनी १९४५ साली शिकागोत हे नियतकालिक सुरू केलं, आपण काय बनवून ठेवलंय ते लोकांना कळावं म्हणून. जून १९४७ च्या अंकाला मुखपृष्ठ हवं होतं. चित्रकार मार्टिल लँग्सडॉर्फ यांचे यजमान त्याच प्रकल्पातले भौतिकशास्त्रज्ञ, त्यामुळे या लोकांची काळजी त्यांनी जवळून पाहिलेली. त्यांनी घड्याळ काढलं, बाराला सात मिनिटं कमी. सातच का, तर डोळ्याला ते बरं दिसलं म्हणून. काटा हलायला लागला तो नंतर. १९४९ ला सोव्हिएत संघाच्या अणुचाचणीनंतर तो तीन मिनिटांवर आला, १९५३ ला हायड्रोजन बॉम्बनंतर दोनवर. २००७ पासून हवामानबदलही या हिशेबात धरतात. बारा म्हणजे माणसाने स्वतःच्या हाताने ओढवून घेतलेला सर्वनाश.

आम्ही चार फूट व्यासाचं घड्याळ काढलं. ऑइलपेंट, काळी पार्श्वभूमी, पांढरे आकडे, लाल काटा. एका सेकंदाचे किती अंश, असं करत सातवीच्या मुलांनी गणित सोडवलं: ८९ सेकंद म्हणजे जेमतेम नऊ अंश. काट्याच्या टोकापाशी बाराच्या रेघेपासून चार बोटं. मुलांनी बोटं लावून लावून पाहिलं. खाली मी ठळक अक्षरांत लिहिलं: ‘जगाच्या विनाशाला उरले ८९ सेकंद’.

हे वाक्य माझं. पुढचं सगळं त्यातून निघालं.

अडचण

पहिला आठवडा काहीच झालं नाही. मग कुणी तरी भिंतीचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. दोन गावं फिरून तो परत आला तेव्हा त्यावर मजकूर चढला होता: सरकारी शाळेत लिहून दिलंय, शास्त्रज्ञांनी तारीख काढलीय, बातमी दाबून ठेवलीय.

मार्च संपता संपता शाळेच्या फाटकाशी एक आजी उभी होती. तिनं मला हळूच विचारलं, “सर, खरं सांगजा. पोरीईले जे द्याचं ते आताच देऊन टाकू काय?” तिच्या पदराच्या गाठीत डोरलं होतं. मी तिला समजावलं. ती मान हलवत गेली, आणि दोन दिवसांनी डोरलं मोठ्या लेकीला देऊन मोकळी झाली. चहाच्या टपरीवर एक जण म्हणाला, “बुडणारच हाय तर पेरून काय फायदा?” तो थट्टेनं म्हणाला असेल, पण त्याच्या डोक्यावर आधीच दोन हंगामांचं कर्ज होतं. अशा माणसाची थट्टा मला थट्टा वाटत नाही. एप्रिलमध्ये बाहेरगावचा एक बुवा येऊन राहिला आणि ‘जगाच्या शांतीसाठी’ होम करायचा म्हणून घरटी पन्नास रुपये गोळा करू लागला. लोकांच्या भीतीचा धंदा करणारा माणूस आला, आणि ती भीती मी भिंतीवर रंगवून ठेवली होती.

सगळ्यात गंभीर गोष्ट सहावीतल्या एका मुलीची. तिची आई मला आशाताईंसोबत भेटायला आली. पोरगी रात्री गोधडीत तोंड घालून आकडे मोजते, म्हणाली. सत्त्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद. मग थांबते. मग रडते. पुन्हा एकपासून सुरू. त्या मुलीनं वर्गात मला एकदा विचारलं होतं, “सर, ते ८९ सेकंद सुरू कवा झाले?” मला तेव्हा तो हुशार प्रश्न वाटला होता. मी तिला शाबासकी दिली होती.

याच्या अगदी उलट बाजूला गावातली बरीचशी माणसं होती, ज्यांना त्या चित्राने काहीच वाटलं नाही. मराठीत ‘बारा वाजले’ म्हणजे वाटोळं झालं. हा शब्दप्रयोग आपल्यासाठी तयारच आहे, चित्र लगेच कळेल, असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. एका शेतकऱ्याने मला सरळ सांगितलं, “आमचे तं कवाचेच बारा वाजले, सर. बोंडअळी आली तवा वाजले, भाव पडला तवा वाजले.” ज्याचे बारा दर दोन-तीन वर्षांनी वाजतात, त्याला बारा वाजणार म्हणून इशारा काय द्यायचा?

आणि एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. बहुतेकांनी ते घड्याळ दुपारचं धरलं. शाळा दिवसाची, रस्ता दिवसाचा, घड्याळात बाराला थोडे कमी, म्हणजे दुपारच. मध्यरात्र म्हणजे शेवट, ही समजूतच आपल्याकडची नाही. आपला पंचांगाचा दिवस सूर्योदयाला बदलतो. मध्यरात्री आपल्याकडे कृष्ण जन्मतो. ज्या १९४७ च्या जूनमध्ये ते घड्याळ पहिल्यांदा छापलं गेलं, त्याच सालच्या ऑगस्टात मध्यरात्री आपल्याला स्वातंत्र्य मिळालं. भीतीचे बारा आमच्या भागात कोणते असतील तर ते मे महिन्यातल्या दुपारचे, पारा ४५ च्या पुढे गेलेला, वावरात सावली नाही, पाण्याचा डबा गरम झालेला. हे मला मुलांनी सांगितलं. मी त्यांना विचारायला पाहिजे होतं, तेही रंग लावायच्या आधी.

समोरचे पर्याय

मुख्याध्यापक, सरपंचताई, शाळा व्यवस्थापन समितीतले दोन पालक, आशाताई आणि मी, असे आम्ही एका संध्याकाळी बसलो.

मुख्याध्यापकांचं म्हणणं सरळ होतं: चुना मारा, विषय संपवा. त्यांची काळजी खोटी नव्हती. इमारत सरकारी, तक्रार वर गेली तर उत्तर त्यांनाच द्यावं लागणार. पण सरपंचताई म्हणाल्या, आज पुसलं तर उद्या लोक म्हणतील, वरून दाबलं, म्हणजे खरंच होतं. हे मला पटलं. अफवेच्या मागोमाग चुना मारला की अफवेवरच शिक्का बसतो.

मी खुलाशाची पाटी सुचवली. ती लावलीही. चौदा ओळी होत्या, ‘प्रतीक’, ‘मूल्यमापन’, ‘जागतिक जोखीम’ असे शब्द असलेल्या. कुणी वाचली नाही. वाचली असती तरी काय कळलं असतं?

पालकांपैकी एक कृषी सेवा केंद्रात कामाला. त्याने मांडलेली गोष्ट मला आजही सगळ्यात महत्त्वाची वाटते. कीटकनाशकाच्या डब्यावर तिरका उभा चौकोन असतो, त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग: लाल, पिवळा, निळा, हिरवा. लाल म्हणजे सगळ्यात जहाल विष, वर कवटी आणि हाडं. ही खूण सरकारी नियमाने ठरलेली आहे आणि आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ती माहीत आहे. “पण गिऱ्हाईक येते अन् म्हणते, लालवालं द्या, ते कडक असते,” तो म्हणाला. धोक्याची खूण ताकदीची खूण झाली. मुळात आपण त्या विषाला म्हणतोच ‘औषध’. २०१७ च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा प्रत्येक डब्यावर ती खूण होतीच. तोंडाला बांधायला धड फडकं नव्हतं, हातमोजे नव्हते, पंप गळत होता, आणि मजुराच्या हातात डबा नव्हे, मिसळलेलं पाणीच येत होतं. खूण ज्याच्यासाठी होती त्याच्यापर्यंत ती पोचत नव्हती, आणि पोचली तरी त्याला करता येण्यासारखं काही हाताशी नव्हतं.

मग घड्याळ काढून टाकून गावाचंच काही तरी लावायचं, विहिरीची पातळी किंवा उन्हाचा पारा, असाही विचार झाला. मला तो अर्धाच पटला. गावच्या विहिरीची काळजी गावाने करावी आणि जगाची काळजी दुसऱ्या कुणी, ही वाटणी मला मान्य नाही. अणुयुद्धाची झळ यवतमाळला लागणार नाही असं कोण म्हणेल? पाऊस बिघडलाय तो कुणामुळे, हे आमच्या पोरांना कळायला नको? घड्याळ ठेवायचं, पण त्याचा काटा हलतो हे दाखवायचं, असं शेवटी ठरलं.

काय केलं

आधी ते वाक्य पुसलं. घड्याळ राहू दिलं. गावातल्या सुतारकाकांनी सागवानी पट्टीचा काटा करून दिला आणि मधोमध खिळ्यावर बसवला. रंगवलेला लाल काटा काळ्या रंगाने झाकला.

अक्षय्य तृतीया ३० एप्रिलला होती. दुसऱ्या दिवशी १ मेची ग्रामसभा. बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते, शेतात घट मांडून भोवती धान्यं ठेवतात आणि पहाटे त्यांच्या हालचालीवरून पाऊस, पीक, राज्यकारभार यांचं भाकीत सांगतात. त्याचे व्हिडिओ ग्रामसभेच्या सकाळी सगळ्यांच्या मोबाईलवर होते. भाकितावर चर्चा रंगलेली असतानाच मला घड्याळाबद्दल बोलायचं होतं. घटमांडणीवर मी टीका केली नाही. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी घटमांडणीवर घेतलेले आक्षेप मला मान्य आहेत, पण त्या दिवशी तो वाद काढला असता तर घड्याळ बाजूलाच राहिलं असतं. मी एवढंच म्हणालो की घड्याळ हे भाकीत नाही. भाकीत सांगणाऱ्याला ते खरं ठरावं असं वाटतं. या शास्त्रज्ञांना आपला इशारा खोटा ठरायला हवा आहे.

लोक ऐकत होते, पण चेहरे कोरेच. तेव्हा मागे बसलेले एक म्हातारबुवा म्हणाले, “म्हंजे जागलीवाल्याची हाक हाय हे.”

ज्यांना जागल माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. रानडुकरं आणि रोही रात्री पीक फस्त करतात. शेतकरी मचाणावर रात्र काढतो आणि थोड्या थोड्या वेळाने हाळी देतो. डुक्कर शिरलं म्हणून हाळी देत नाही, शिरू नये म्हणून देतो. शेजारच्या वावरातला जागा होतो, तोही हाळी देतो. म्हातारबुवांनी एका वाक्यात सांगितलं ते मला चौदा ओळींत जमलं नव्हतं.

पण त्यांच्याच शेजाऱ्याने पुढचा प्रश्न विचारला. “हाक आयकू आली, सर. पण बॉम्ब आपल्या वावरात नाई. आपण उठून करावं काय?” खरा प्रश्न तोच. मी त्याला उत्तर दिलं ते अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या दुधाच्या दातांचं.

१९५० च्या दशकात अमेरिका आणि सोव्हिएत संघ उघड्या हवेत अणुचाचण्या करत होते. त्यातून निघालेलं किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम-९० पावसासोबत गवतावर पडायचं, गाईच्या पोटातून दुधात यायचं आणि कॅल्शियमसारखंच लेकरांच्या हाडांत, दातांत जाऊन बसायचं. सेंट लुईस शहरातल्या शास्त्रज्ञांनी आणि नागरिकांनी १९५८ च्या अखेरीस लोकांना आवाहन केलं: पोरांचे पडलेले दुधाचे दात आम्हाला पाठवा. दात पाठवणाऱ्या मुलाला शर्टावर लावायचा बिल्ला मिळायचा. १९७० पर्यंत तीन लाखांच्या आसपास दात जमले. चाचण्या वाढल्या तसं दातांतलं स्ट्रॉन्शियम वाढत गेलेलं दिसलं. आयांना ते कळलं, आणि आया गप्प बसल्या नाहीत. १९६३ साली हवेत, पाण्याखाली आणि अवकाशात चाचण्या करण्यावर बंदी घालणारा करार झाला, त्यामागे हा रेटाही होता. त्या वर्षी घड्याळाचा काटा सात मिनिटांवरून बारा मिनिटांवर नेला, म्हणजे मागे.

सभेत बाया बसल्या होत्या. आमच्याकडे पडलेला दात लेकरू छपरावर फेकतं आणि उंदराकडे त्याचा दात मागतं. एक जण म्हणाली, “आमी तं उंदराले देतो, त्याईनं शास्त्रज्ञाले देल्ला.” त्यानंतर सभेतलं बोलणं बदललं. लोक प्रश्न विचारायला लागले. मी मुलांना पुढे बोलावून काटा हलवायला लावला: १९५३, दोन मिनिटं; १९६३, बारा मिनिटं; १९७४, पोखरणचा स्फोट झाला त्या साली, नऊ; १९९१, शीतयुद्ध संपलं, सतरा. सतरा मिनिटांना काटा नवाच्याही मागे गेला तेव्हा त्या म्हातारबुवांनी विचारलं, “इतला मागं जाते?” मूळ चित्रात शेवटची पंधरा मिनिटंच होती, काटा त्या चित्रातही मावला नव्हता, हे सांगितल्यावर ते खुश झाले. मग १९९८, भारत-पाकिस्तानच्या चाचण्या, पुन्हा नऊ. आणि शेवटी चार बोटं.

उन्हाच्या पाऱ्याचा फळाही लावला, घड्याळाच्या शेजारीच. नागपूरच्या हवामान केंद्राचा इशारा कोणत्या रंगाचा आहे, हिरवा, पिवळा, केशरी की लाल, ते आठवीची मुलं रोज खडूने लिहितात आणि खाली एकच ओळ: आज वावरातून किती वाजता परतायचं. मैदानी भागात पारा ४५ ला गेला की उष्णतेची लाट, ४७ ला तीव्र लाट, हे आता पोरांना पाठ आहे. फळा लावताना एकाने आठवण करून दिली की मे २०२४ मध्ये नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते, आणि नंतर हवामान खात्याने यंत्रात बिघाड होता असं सांगितलं. म्हणून आम्ही ठरवलं, आकडा चुकला तर फळा पुसायचा नाही. आकड्यावर काट मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा, कालचा का चुकला तेही लिहायचं.

मे महिन्यातले चार दिवस

शाळेला सुट्ट्या लागल्या होत्या. पहलगामचा हल्ला २२ एप्रिलला झाला होता. ७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर सुरू झालं. टीव्हीवर रात्रभर सायरन, नकाशे, स्फोट. मी माझ्या गावी होतो. ८ तारखेला सरपंचताईंचा फोन आला: काटा बारावर आहे.

रात्री कुणी तरी तो फिरवून ठेवला होता. हलता काटा बसवताना तो कुणी, केव्हा हलवायचा हे आम्ही ठरवलंच नव्हतं. ताईंनी विचारलं, मागे करू का? मी म्हणालो, मी येईपर्यंत हात लावू नका. हा निर्णय बरोबर होता की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. तो काटा बारावरच राहिला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनी पाहिला.

काटा फिरवणारा पोरगा सापडायला वेळ लागला नाही, त्याने लपवलंच नव्हतं. सैन्यभरतीची तयारी करणारा, रोज पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारा, माझाच जुना विद्यार्थी. “एकदा होऊनच जाऊ द्या, सर,” तो म्हणाला. मी त्याच्या घरी ओसरीवर बसलो. त्याला १९६२ चं सांगितलं. ऑक्टोबरात क्यूबावरून अमेरिका आणि सोव्हिएत संघ तेरा दिवस अणुयुद्धाच्या काठावर उभे होते. घड्याळ त्या तेरा दिवसांत सातवरच होतं, हललंच नाही. सगळं इतकं झटपट घडलं की काटा हलवायला सवडच नव्हती. रोजच्या बातमीवर ते चालत नाही. वर्षाकाठी शास्त्रज्ञांचं मंडळ बसतं, नोबेल मिळालेल्यांशी सल्लामसलत करतं आणि मगच वेळ ठरवतं.

त्याने ऐकून घेतलं आणि उलट प्रश्न टाकला. “आपण ९८ ला चाचणी केली तं काटा पुढं. ९१ ला अमेरिकेकडं हजारो बॉम्ब होते, तवा काटा मागं. हा न्याय कोणता?”

त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं आणि मी तसं कबूल केलं. ते घड्याळ अमेरिकेतल्या माणसांनी सुरू केलं, तिथूनच ते चालतं. १९९१ ला काटा मागे नेला तेव्हा बॉम्ब संपले नव्हते. ते कमी करायचा करार झाला होता आणि अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यातली ताणाताणी सैल झाली होती. काटा दिशा दाखवतो, साठा मोजत नाही. पण ज्यांच्याकडे सगळ्यात जास्त बॉम्ब, त्यांच्याच आवारात हे घड्याळ असावं, हे आपल्याला खटकलं तर त्यात गैर काही नाही. मग मी त्याला एवढंच विचारलं की तू फिरवलेल्या काट्याचा अर्थ तुझ्या आईला काय वाटला असेल. तो बोलला नाही.

१० मेला गोळीबार थांबल्याची बातमी आली. त्या संध्याकाळी काटा पुन्हा चार बोटांवर होता. कुणी आणला ते मी विचारलं नाही.

परिणाम

बुवा मेमध्येच निघून गेला. ज्या घरांनी पैसे दिले होते त्यांना ते परत मिळाले नाहीत. पेरणी सगळ्यांनी केली. घड्याळ नसतं तरी केलीच असती, त्याचं श्रेय मी घेणार नाही. आजीचं डोरलं मोठ्या लेकीकडेच राहिलं आणि धाकटीने दिवाळीला माहेरी यायचं टाळलं. हे नुकसान माझ्या एका वाक्याचं आहे आणि ते भरून देण्याचा मार्ग मला सापडलेला नाही.

उन्हाच्या फळ्याचा उपयोग झाला. मे-जूनमध्ये मजुरीला जाणाऱ्या काही बायांनी सकाळी सहाला निघून अकराच्या आत परतायचं ठरवलं आणि शेतमालकांनी ते मान्य केलं. फळ्यामुळेच झालं असं म्हणता येणार नाही, आशाताईंनी घरोघरी जाऊन केलेलं बोलणं त्यात जास्त होतं. पण बायांना मालकाशी बोलताना दाखवायला काही तरी होतं: “शाळेत लिवलं हाय.”

६ ऑगस्टला हिरोशिमाला ऐंशी वर्षं झाली. मुलांनीच विचारलं, आपण काही करायचं का. आम्ही वर्गात शांत बसलो आणि हिरोशिमाच्या शांतता उद्यानातल्या ज्योतीबद्दल बोललो. १९६४ पासून ती तेवते आहे, जगातलं शेवटचं अण्वस्त्र नष्ट होईपर्यंत तेवत ठेवायची आहे. एका मुलाने विचारलं, “म्हंजे ती विझावी असं त्याईले वाटते?” हो, असं मी म्हणालो. त्याला ते आवडलं.

जे मी शिकवलं नव्हतं ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झालं. आमच्याकडे त्या सकाळी पोरं रोगराई, मोंगसे, खोकला घेऊन जा गे मारबत, असं ओरडत गावाच्या शिवेपर्यंत जातात. त्या वर्षी पाचवी-सहावीच्या पोरांनी त्यात आणखी एक ओळ घातली: “बॉम्ब घेऊन जा गे मारबत!” मी पारावर उभा होतो. नागपुरात मारबत आणि बडगे, म्हणजे इडापीडेचे पुतळे, निघतात तेव्हा त्या त्या वर्षीचं जे काही लोकांना जाचतं ते त्यांच्या गळ्यात बांधतात, हे मला माहीत होतंच. संकटाला नाव देऊन, हातात धरून, ओरडत गावाबाहेर टाकून येण्याची रीत आपल्याकडे होती, आणि मी शिकागोचं घड्याळ आणून भिंतीवर लावलं होतं. घड्याळ आणल्याचा मला पस्तावा नाही. पण पोरांनी ते अखेर आपल्या पद्धतीनं घेतलं, आणि त्यांच्या ओरडण्यात भीती नव्हती.

आज पुन्हा करायचं झालं तर

भिंतीवर काही काढण्याआधी पेन्सिलीने कच्चं काढून आठवडाभर ठेवेन आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच प्रश्न विचारेन: हे काय सांगतंय? दुपारची गोष्ट पहिल्याच दिवशी कळली असती.

आकडा एकटा लिहिणार नाही. ८९ सेकंदांच्या शेजारी १७ मिनिटं लिहीन, साल घालून. फक्त आजचा आकडा पाहणाऱ्याला वाटतं घड्याळ एकाच दिशेने चालतं. ते १९६३ ला मागे गेलंय, १९९१ ला मागे गेलंय, आणि दोन्ही वेळी माणसांच्या हातून गेलंय. माझ्या मते या घड्याळातली सगळ्यात मोलाची गोष्ट ही आहे आणि मी तीच भिंतीवर काढली नव्हती.

हलता काटा ठेवेन, पण पहिल्या दिवशी ग्रामसभेत ठरवून घेईन: तो वर्षातून एकदाच हलेल, जानेवारीत, शास्त्रज्ञांचा निर्णय आल्यावर, आणि मुलांच्या हातून. एरवी नाही. आता आम्ही तसं ठरवलं आहे.

आणि लहान मुलांपुढे सेकंद वापरणार नाही. सेकंद मोजता येतात. मूल ते मोजतंच. ‘चार बोटं’ म्हटलं असतं तर त्या मुलीने अंधारात काय मोजलं असतं?

तिला आशाताईंनी तालुक्याच्या दवाखान्यात दाखवलं. आता ती रात्री झोपते, असं तिची आई सांगते. वर्गात उत्तरंही देते. मी तिला एकदा काटा हलवायला बोलावलं, तिने नको म्हटलं, मी आग्रह केला नाही. बाकी सगळी पोरं रस्त्याकडच्या फाटकाने येतात. ती अजून मागच्या गल्लीने येते. जानेवारीत नवी वेळ जाहीर होईल तेव्हा, भिंतीकडे जाण्याआधी, मला तिच्या घरी जायचं आहे.